पर्णरंध्रांची साक्ष

सोनामुखीची पानं औषधांच्या बाजारात पूर्वापार दोन नावांनी येतात. एक अलेक्झांड्रियन, म्हणजे सुदान-इजिप्तकडची, नाईलच्या खोऱ्यातली. दुसरी तिन्नेवेली, म्हणजे आपल्या तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची. कोठा साफ करणारं औषध म्हणून दोन्हींना जगभर मागणी आहे. पान अख्खं असेल तर जाणकार ते नुसतं बघून ओळखतो. अलेक्झांड्रियन पान थोडं लहान, करडट हिरवं आणि बरंचसं तुटकं असतं. तिन्नेवेली लांबट, पिवळसर हिरवं असतं आणि गासड्यांमध्ये दाबून भरल्याच्या रेषा त्याच्यावर उमटलेल्या असतात. तेच पान दळून भुकटी झालं की मात्र रंग, आकार, रेषा सगळंच जातं. हातात उरतो तो हिरवट-पिवळा चुरा. तो कुठल्या झाडाचा, हे आता कसं ठरवायचं?

या प्रश्नाचं उत्तर पानाच्या सालीत आहे. पानाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला अपित्वचा म्हणतात. या थरात जागोजागी सूक्ष्म छिद्रं असतात, तीच पर्णरंध्रं. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन बाकदार रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की छिद्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. कार्बन डायऑक्साइड आत घेणं आणि पाण्याची वाफ बाहेर सोडणं, दोन्ही कामं याच वाटेनं होतात. एका रंध्राची लांबी साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते पंचविसाव्या भागाइतकी. पान कितीही बारीक दळलं तरी भुकटीत अपित्वचेचे लहानलहान तुकडे शिल्लक राहतात, आणि त्या तुकड्यांवर रंध्रं शाबूत असतात.

भुकटी क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळली की तिच्यातलं हरितद्रव्य आणि पिष्ट निघून जातं आणि तुकडे काचेसारखे पारदर्शक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली सोनामुखीचा असा तुकडा पाहिला तर सरळ कडांच्या बहुकोनी पेशी दिसतात, मधूनमधून एकाच पेशीचे, खरबरीत पृष्ठभागाचे आखूड केस दिसतात, शिरांच्या कडेनं कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची रांग दिसते. पंचाईत अशी, की ही सगळी लक्षणं दोन्ही सोनामुखींत आहेत. रंध्रांची घडणही तीच आहे. प्रत्येक रंध्राच्या दोन कुशींना, त्याच्या लांबीला समांतर, दोन सहाय्यक पेशी असतात, क्वचित तीन. तेव्हा नुसतं बघून काम भागत नाही, मोजावं लागतं. पण मोजायचं काय?

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो असा, की एका चौरस मिलिमीटरमध्ये रंध्रं किती आहेत ते मोजावं. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेच केलं, आणि आकडे हाती आले तसतसे ते गोंधळात पडत गेले. एकाच झाडाच्या उन्हातल्या पानावर रंध्रं दाट, सावलीतल्या पानावर विरळ. खालच्या फांदीपेक्षा शेंड्याकडच्या पानांवर जास्त. एकाच पानाच्या बुडाशी आणि टोकाशी आकडा वेगळा. भरपूर पाणी मिळालेल्या झाडाचा वेगळा, कोरड्या जमिनीतल्या झाडाचा वेगळा. या हिशेबानं एकाच आंब्याच्या चार फांद्यांना चार जाती म्हणायची पाळी आली असती.

कोडं सुटलं ते इंग्लंडमध्ये, 1927 साली. एडवर्ड सॅलिसबरी हे रानातल्या झाडाझुडपांच्या रंध्रांचा अभ्यास करत होते. सावलीतल्या पानावर रंध्रं विरळ दिसतात, ती मुळात कमी तयार झाली म्हणून, की पेशी फुगून पान पसरलं आणि रंध्रं एकमेकांपासून लांब गेली म्हणून? बाजरीच्या गोळ्याला तीळ लावून भाकरी थापली, की ती जितकी मोठी होते तितके तीळ विरळ दिसतात, पण तिळांची संख्या तीच असते. सॅलिसबरींना बहुतेक फरक या जातीचा आढळला. म्हणून त्यांनी क्षेत्रफळ सोडून दिलं आणि रंध्रांची तुलना थेट शेजारच्या पेशींशी केली. अपित्वचेत एकूण जितक्या पेशी आहेत, त्यांत दर शंभरामागे रंध्रं किती, हे ते काढू लागले. याला रंध्र निर्देशांक म्हणतात. समजा दृष्टिक्षेत्रात 20 रंध्रं आणि 140 इतर पेशी आहेत. 20 ला 160 नं भागून 100 नं गुणलं की निर्देशांक आला 12.5. आता हेच पान पसरून दुप्पट झालं तर त्याच दृष्टिक्षेत्रात 10 रंध्रं आणि 70 पेशी दिसतील. घनता निम्म्यावर आली, निर्देशांक मात्र 12.5 च राहिला.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. तो सुचायला नवं यंत्र लागलं नाही की नवं रसायन. परिस्थितीनं काय बदलतं आणि झाडाच्या वंशातून काय येतं, एवढंच वेगळं काढायचं होतं. रंध्रांवरून वनस्पती ओळखण्याच्या सगळ्या शास्त्राचा जीव याच निवडीत आहे. रंध्राजवळ मोजण्यासारखं पुष्कळ असतं: संख्या, लांबी, रुंदी, खोली, शेजाऱ्यांची मांडणी. पण ही सगळी सारख्याच भरवशाची साक्षीदार नसतात.

1940 च्या दशकात ब्रिटिश औषधिशास्त्रज्ञ रोसन यांनी औषधी पानांचे निर्देशांक पद्धतशीर मोजले. अलेक्झांड्रियन सोनामुखीचा निर्देशांक 10 ते 15 मध्ये, बहुधा 12.5 च्या आसपास निघाला. तिन्नेवेलीचा 14 ते 20 मध्ये, बहुधा 17.5 च्या आसपास. दोन पल्ले 14-15 वर थोडे एकमेकांत शिरतात. म्हणून एका तुकड्यावरून निकाल देता येत नाही. अनेक तुकड्यांवर मोजून सरासरी काढावी लागते, आणि सरासरी आली की फरक स्पष्ट होतो. बेलाडोनाचंही तसंच. युरोपातल्या बेलाडोनाचा निर्देशांक सुमारे 20 ते 23, हिमालयातल्या भारतीय बेलाडोनाचा 16 ते 18. औषधिनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे आकडे आजही शिकवतात, त्यांच्याकडून ते प्रयोगशाळेत मोजूनही घेतात.

सोनामुखीत भेसळ व्हायची ती आपल्या तरवडाची. दख्खनच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी लगडलेलं हे झुडूप मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. त्याची साल कातडी कमावायला वापरतात. त्याचं पान सोनामुखीच्या पानासारखं दिसतं, नातंही जवळचं आहे, आणि ते सोनामुखीच्या नावाखाली युरोपच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. इथे मात्र रंध्रं मोजत बसायची गरज पडत नाही. क्लोरल हायड्रेटमध्ये उकळलं की तरवडाचं पान किरमिजी रंग सोडतं.

सोनामुखीच्या कथेचा पुढचा भाग औषधिशास्त्राच्या पुस्तकांत फारसा येत नाही. आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन सोनामुखींना वेगळ्या जाती मानत नाहीत. फुलं, शेंगा आणि बिया पाहता दोन्ही एकाच जातीची रूपं ठरतात, आणि त्या जातीचं नाव आहे सेना अलेक्झांड्रिना. मग 12.5 आणि 17.5 मधला फरक खोटा म्हणायचा का? मुळीच नाही. तो मोजता येतो, पुन्हा पुन्हा मोजला तरी तसाच येतो आणि माल ओळखायला अजून कामी येतो. एवढंच, की रंध्रांतला फरक हा दोन वंशांतला फरक असतो. ते वंश जाती म्हणवून घेण्याइतके दूर गेले आहेत का, याचा निकाल एकट्या रंध्रावर लागत नाही.

निर्देशांकापेक्षा जुनी आणि माझ्या मते जास्त खोल जाणारी साक्ष म्हणजे शेजाऱ्यांची मांडणी. ही तुम्हाला घरी पाहता येईल. तुळशीचं पूर्ण वाढलेलं पान घ्या. खालच्या बाजूला, मधली शीर आणि कडा यांच्या मध्यावर, रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या. ते पूर्ण वाळलं की पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि काचपट्टीवर लावा. पानाच्या त्वचेचा हुबेहूब ठसा मिळतो. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. घडीच्या कागदाचा फोल्डस्कोपही चालतो. तुळशीच्या रंध्राला दोन सहाय्यक पेशी दिसतील. त्या दोघींची समाईक भिंत रंध्राच्या लांबीला आडवी, काटकोनात असते. अडुळशाच्या पानाचा ठसा घ्या, हीच मांडणी. पुदिन्यातही तीच. आता मोहरीचं किंवा मुळ्याचं पान घ्या. रंध्राभोवती तीन पेशी दिसतील, त्यातली एक बाकी दोघींपेक्षा स्पष्ट लहान. कॉफीच्या किंवा कुंडीतल्या एक्झोराच्या पानावर दोन पेशी रंध्राला समांतर बिलगलेल्या असतात, सोनामुखीसारख्याच. आणि भोपळ्याच्या पानावर सहाय्यक अशा वेगळ्या पेशीच दिसत नाहीत. रंध्राभोवतालच्या पेशी इतर पेशींसारख्याच असतात.

या मांडण्यांची पहिली व्यवस्थित वर्गवारी ज्युलियन वेस्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1889 मध्ये केली. त्यानं नावं कुळांवरून दिली: मोहरीच्या कुळाची, कॉफीच्या कुळाची, कार्नेशनच्या कुळाची, बटरकपच्या कुळाची. कूळ कळलं की रंध्र कळावं आणि रंध्र दिसलं की कूळ कळावं, अशी त्यात आशा होती. ती पुरती फळली नाही. सोनामुखी कॉफीच्या कुळातली नाही, तरी तिची रंध्रं त्या कुळासारखी. तुळस, अडुळसा आणि कार्नेशन यांची मांडणी एक. त्यांत तुळस आणि अडुळसा ही दोन कुळं तरी एकमेकांच्या जवळची आहेत, कार्नेशन मात्र त्यांच्यापासून दूर आहे. क्यू इथल्या जॉड्रेल प्रयोगशाळेचे मेटकाफ आणि ऑक्सफर्डचे चॉक यांनी 1950 मध्ये द्विदल वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी कुळांची नावं काढून टाकली आणि निव्वळ मांडणी सांगणारी नावं दिली. जगभर आज तीच वापरात आहेत.

दिसायला एक म्हणजे उगमानंही एक, असं नसतं. या मुद्द्यावर भारतीयांनी मोलाचं काम केलं आहे. अलाहाबाद विद्यापीठातल्या दिव्यदर्शन पंत यांनी रंध्र पूर्ण झाल्यावर कसं दिसतं यापेक्षा ते कसं घडत जातं याकडे लक्ष वेधलं आणि 1965 मध्ये त्यावर उभी केलेली वर्गवारी मांडली. कोवळ्या पानात एक मातृपेशी विभागत जाते आणि तिच्या पोटी रक्षक पेशी येतात. सहाय्यक पेशी कधी त्याच मातृपेशीच्या लेकी असतात, कधी शेजारून आलेल्या परक्या पेशी असतात, तर कधी काही घरच्या आणि काही बाहेरच्या. पूर्ण वाढलेल्या पानावर हे तिन्ही प्रकार सारखेच दिसू शकतात. मोहरीतल्या तिन्ही सहाय्यक पेशी घरच्याच असतात. मातृपेशी लागोपाठ तीनदा, दर वेळी दिशा बदलत, असमान विभागते. लहान भाग मधे उरतो आणि मोठे भाग भोवती गोल येतात. पण हा उगम पाहायचा तर नुकतं उमललेलं पान पकडावं लागतं आणि त्याच्या वाढीच्या पायऱ्या एकामागोमाग एक टिपाव्या लागतात. हे काम चिकाटीचं आहे. वल्लभ विद्यानगर, अलाहाबाद अशा ठिकाणच्या विभागांनी अनेक कुळांसाठी ते केलं.

उगमाच्या या फरकाचं महत्त्व सगळ्यात जोरात सिद्ध झालं ते जीवाश्मांत. बागांमध्ये शोभेसाठी लावलेला सायकस सगळ्यांच्या ओळखीचा आहे: जाड खोड आणि माथ्यावर कडक, पिसासारख्या पानांचा झुपका. तशीच पानं ज्युरासिक काळातल्या खडकांत जगभर ढिगानं सापडतात, आणि ती सायकसच्या गोतावळ्यातलीच धरली जायची. पानाच्या त्वचेवर क्युटिकल नावाचा मेणचट थर असतो, तो कोट्यवधी वर्षं टिकू शकतो. नायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम क्लोरेटच्या मिश्रणात जीवाश्म पान ठेवलं की कोळसा झालेला भाग विरघळण्याजोगा होतो. मग अल्कलीत धुतल्यावर क्युटिकल सुटं होतं, आणि त्यावर पेशीन् पेशीचा ठसा असतो. 1913 मध्ये हॅमशॉ थॉमस आणि नेली बँक्रॉफ्ट यांनी असे ठसे तपासले. वरून जुळी भासणारी पानं त्यांना दोन वेगळ्या गटांतली दिसली. 1931 मध्ये स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरीन यांनी या फरकाला पक्का पाया दिला. सायकसमध्ये रंध्राच्या शेजारपेशी बाहेरच्या, स्वतंत्रपणे आलेल्या असतात. दुसऱ्या गटात, बेनेटायटेलीसमध्ये, रक्षक पेशी आणि त्यांच्या बगलेच्या दोन पेशी एकाच मातृपेशीतून येतात. हा दुसरा गट आज पूर्ण नामशेष आहे, आणि त्याची फळा-फुलांसारखी अंगं सायकसपेक्षा अगदी वेगळी होती. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांत सापडणारी टायलोफायलमची पानं याच गटातली. बिरबल साहनी यांनी 1932 मध्ये या पानांची खोडाशी आणि पुष्पांगांशी सांगड घालून विल्यमसोनिया सेवर्डियाना हे अख्खं झाड उभं केलं. पानं एकमेकांसारखी आणि झाडांचे वंश वेगळे, हे फुलं न सापडताही ओळखता येतं ते रंध्राच्या कडेच्या दोन पेशींवरून.

रंध्राच्या खोलीचा पुरावा मात्र जपून वापरावा. कण्हेरीच्या पानाच्या पाठीवर खड्डे असतात, त्यांत केसांच्या आड रंध्रं दडलेली असतात. वाफ उडू नये म्हणून ही सोय. ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियाच्या पानांतही असे खड्डे आहेत, आणि कण्हेरीशी बँक्सियाचं जवळचं नातं नाही. कोरड्या वाऱ्याशी गाठ पडली की वेगवेगळे वंश एकाच तोडग्यावर येऊन पोचतात.

लांबीची गोष्ट वेगळी. ती गुणसूत्रांबद्दल बोलते. कार्ल आणि हॅली सॅक्स या दांपत्यानं 1937 मध्ये दाखवलं, की जवळच्या नात्यातल्या वनस्पतींत गुणसूत्रांचे संच दुप्पट झालेल्या झाडाची रंध्रं मोठी आणि विरळ असतात. पेशीकेंद्र मोठं, म्हणून पेशी मोठी. संच असे दुप्पट झालेले कॉफीत दिसतात: रोबस्टा कॉफीत 22 गुणसूत्रं असतात, अरेबिकात 44. बिनबियांच्या कलिंगडासाठी आधी चार संचांचं कलिंगड तयार करावं लागतं. हजार रोपांतून ते शोधायचं तर प्रत्येकाची गुणसूत्रं मोजणं शक्य नसतं, म्हणून रक्षक पेशींतली हरितलवकं मोजतात. चार संचांच्या रोपात ती जास्त असतात. 1994 मध्ये जेन मास्टरसन यांनी जीवाश्म पानांच्या रक्षक पेशी मोजून त्या झाडांच्या गुणसूत्रांचा अंदाज बांधला, आणि सपुष्प वनस्पतींपैकी जवळजवळ 70 टक्के कधी ना कधी संचवाढीतून गेलेल्या आहेत असा निष्कर्ष काढला. मरून लाखो वर्षं झालेल्या पेशीचं केंद्रक नाहीसं झालं तरी तिचं माप खडकात राहतं, हे वाचून मी थक्क झालो होतो.

मांडणी इतकी भरवशाची का, हे आता जनुकांच्या पातळीवरही कळू लागलं आहे. गवतांची रंध्रं सगळ्यांपेक्षा वेगळी असतात. रक्षक पेशी मधे बारीक आणि टोकांना फुगीर, दोन्ही बाजूंना एकेक सहाय्यक पेशी. त्या सहाय्यक पेशीची बाहेरची कड त्रिकोणी आहे की घुमटासारखी, यावरून गवताच्या जाती सांगता येतात. 2017 मध्ये असं दिसून आलं, की गवतात म्यूट नावाचं एक प्रथिन रक्षक पेशींच्या मातृपेशीतून शेजारच्या पेशींत शिरतं आणि त्यांना सहाय्यक पेशी घडवायला लावतं. ते बिघडलं तर सहाय्यक पेशी येत नाहीत, आणि अशी रंध्रं पुरेशी उघडत नाहीत. मांडणी बदलायची तर झाडाला श्वासाची वाटच बदलावी लागते, आणि असे बदल सहजासहजी टिकत नाहीत. दुसरा एक नियम बहुतेक झाडं पाळतात: दोन रंध्रं एकमेकांना चिकटत नाहीत, मधे निदान एक पेशी असते. बेगोनिया हा नियम मोडतो. त्याच्या अनेक जातींत रंध्रं घोळक्यानं येतात, आणि घोळक्यात किती रंध्रं आहेत हे जातीजातींत वेगळं असतं. एरवी बेगोनियाच्या जाती ओळखणं किचकट, म्हणून अभ्यासकांना ही खूण उपयोगी पडते.

निर्देशांकावर मी वर भरवसा दाखवला, त्याला एक मर्यादा आहे, आणि ती हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, जुन्या पानांनीच उघड केली. इयन वुडवर्ड यांनी 1987 मध्ये केंब्रिजच्या संग्रहातली, आठ जातींच्या झाडांची, त्याआधीच्या 200 वर्षांत गोळा केलेली पानं तपासली. त्याच जातींच्या पानांवरची रंध्रांची घनता या काळात सुमारे 40 टक्क्यांनी घटली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, तेव्हा तेवढाच वायू आत घ्यायला कमी रंध्रं पुरू लागली. प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बदलून वाढवलेल्या रोपांत निर्देशांकही बदलला. म्हणजे ऊन, सावली, पाणी यांना बऱ्यापैकी न जुमानणारा हा आकडा हवेच्या घटनेला मात्र जुमानतो. तेव्हा दोन जवळच्या जातींची तुलना करताना एकीचं पान 1850 च्या संग्रहातलं आणि दुसरीचं कालच तोडलेलं, असं चालत नाही. दोन्ही शक्यतो एकाच काळातली घ्यावीत. पानं पूर्ण वाढलेली असावीत, मोजणी पानाच्या त्याच भागावर आणि त्याच बाजूला व्हावी, आणि संग्रहाच्या कागदावरचं साल आकड्याशेजारी नोंदवून ठेवावं.